नाटकातल्या बाईंना सांगितलंय

भवानी पेठ, सोलापूर

प्रिय दर्शू,

तुझा फोन वाजत राहतो आणि मेसेजला दोन निळ्या खुणा उमटून सगळं तिथंच थांबतं, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. रागानं नाही. तू घाबरली आहेस, हे मला कळतं. अम्मी बरी आहे. गुडघे दुखतात, पण स्वयंपाकघर सोडत नाही. कॉलेजात असताना तू आमच्याकडे येऊन शेंगाची चटणी नुसती बोटानं चाटायचीस, ते अजून येईल त्याला सांगते. परवा तिनं विचारलं, वो नाटकवाली फिर आई नै क्या? मी नुसती मान हलवली. तिला सगळं ठाऊक आहे.

स्टेजवरून समोर नुसता काळोख दिसतो, असं तूच मला सांगायचीस. त्या दुपारी तू उजेडात होतीस आणि मी खाली मुलींमध्ये बसले होते. खाली काय झालं आणि नंतर काय काय होत गेलं, ते तुला सरळ ओळीनं कुणी सांगितलेलंच नाही. तू अर्धं ऐकून पुण्याला गेलीस. उरलेलं मी सांगते.

नववीच्या मुलींना तुझ्या नाटकाला न्यायचं म्हटल्यावर आमच्या मुख्याध्यापिका तयार नव्हत्या. मेलेली बाई घरात येऊन भाकऱ्या थापते, असलं दाखवून पोरी झोपेत दचकायला लागल्या तर पालकांना काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, पुस्तकातला धडा या मुली पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. एकदा काहीतरी डोळ्यांनी बघू द्या. मी फारच मागे लागले, तेव्हा त्यांनी सही केली. उन्हाचा कडाका होता. दोन-दोनच्या जोड्या करून, ओढण्या डोक्यावर घेऊन आम्ही चालत नाट्यगृहात आलो. वाटेत यंत्रमागांचा खडखडाट एवढा, की मुली हातवारे करून एकमेकींशी बोलत होत्या.

शिवलीला माझ्याबरोबर पुढं चालत होती. तिला तू त्या दिवशीच पाहिलंस, म्हणून आधीचं थोडं सांगते. मूळ गाव मैंदर्गी, घरात कानडी, पण मराठीचं अक्षर वर्गात सगळ्यांत सुरेख. बोलणं कमी. तिची आई, महादेवी, दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात सगळे गावाकडे गेलेले असताना शेतातल्या विहिरीत पाय घसरून पडून वारली, अशी आमच्याकडे माहिती होती. वडील शिवयोगी आमच्या शाळेमागं पिठाची गिरणी चालवायचे. पालकसभेला भुवयांपर्यंत पिठानं पांढरे होऊन यायचे, खालच्या आवाजात बोलायचे, मुलीचा डबा स्वतः करतो म्हणायचे. चांगला माणूस म्हणूनच मी त्यांना ओळखत होते. सगळी गल्लीच ओळखत होती.

नाटक सुरू झालं आणि पहिली काही मिनिटं मुली नुसत्या हसत होत्या. तुझ्या केसांतून पाणी गळतंय, खाली साचतंय आणि घरातली माणसं खाटेच्या पायाखाली विटा सरकवून वर बसून जेवतायत. भाकरी कुणी केली, असं विचारलं की शेजारणीनं दिली म्हणतायत. मागच्या रांगेतून एक जण म्हणाली, ह्यांच्याकडं एवढं पाणी येतंय की, आमच्याकडं चार दिवसांनी नळ सुटतो! अख्ख्या रांगा हसल्या. मग पाणी चुलीपर्यंत आलं, सासरा छत्री उघडून पेपर वाचायला लागला, आणि हळूहळू हसू बंद झालं. एका मुलीनं माझा हात धरला. मॅडम, तिला कुणीच कसं बघंना, असं तिनं कानात विचारलं. मी मुलींकडे बघत होते तेव्हा शिवलीलाकडेही पाहिलं. ती हसली नव्हती, घाबरलीही नव्हती. नेमून दिलेलं काम करावं तशी सरळ बसून बघत होती.

शेवटी तू पुढं येतेस. सगळीकडं पाणी, घरातले झोपलेले, आणि तू प्रेक्षकांना विचारतेस, या घरात मला कुणी पाहिलं का? तिथं तू थांबतेस, कुणी काही बोलत नाही आणि अंधार होतो, हे तू मला आधी सांगून ठेवलं होतंस. म्हणून मी अंधाराची वाट बघत होते. शिवलीला उठली. मोठ्यानं नाही, वर्गात हजेरी देतात तशी म्हणाली, "मी पाहिलं."

मला वाटलं, नाटकात रंगून गेली पोर. थांबवावं की थांबवू नये, हे ठरेपर्यंत ती पायऱ्या चढून वर गेलीसुद्धा. तू गुडघ्यांवर बसलीस, तिनं तुझ्या कानाला तोंड लावलं आणि बराच वेळ बोलत राहिली. तू तिला घट्ट धरलंस. तुझी ओली साडी तिच्या युनिफॉर्मला चिकटली होती. खाली काय झालं माहीत आहे? टाळ्या झाल्या. हे नाटकातच बसवलंय असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, आणि मीही टाळ्या वाजवल्या.

मग तुझ्या रंगपटात मी आले तेव्हा तुझे दात वाजत होते. तू तिचे शब्द जसेच्या तसे मला सांगितलेस. "आप्पांनी आईला विहिरीत लोटलं. आई पोहत कडेला आली, तर वरनं दगड टाकला. मी कडब्याच्या गंजीमागं होते. आईनं मला बघितलं. मी हाक मारली न्हाई." एवढं सांगून तू टॉवेलमध्ये तोंड खुपसलंस. तुमची गाडी खाली हॉर्न देत होती. उद्या फोन करते म्हणालीस आणि गेलीस.

परतताना शिवलीला माझ्या शेजारूनच चालत होती. इतकी मोकळी मी तिला कधी पाहिली नव्हती. वाटेत पेरू घेऊन मैत्रिणींना फोडी वाटल्या. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला प्रयोगशाळेत नेलं आणि काही सांगायचंय का, असं विचारलं. ती माझ्याकडे आश्चर्यानं बघत म्हणाली, "मॅडम, मी नाटकातल्या बाईंना सांगितलंय की. त्या सांगतील." तुला ती आई समजते, असं मला वाटत नाही. तेवढी लहान नाही ती. पण ज्या बाईला कुणी पाहत नव्हतं आणि जिनं सगळ्यांसमोर विचारलं, तिला सांगितलं म्हणजे झालं, असा तिचा विश्वास बसलाय. ते काम आता तिच्याकडे नाही, तुझ्याकडे आहे.

बाकीच्या मुलींनी नाटकाहून घरी जाऊन सांगितलंच. शिवलीला स्टेजवर गेली, बाईंच्या कानात बोलली. संध्याकाळपर्यंत गिरणीवर दळायला आलेल्या प्रत्येकीच्या तोंडी तेच. दुसऱ्या दिवशी सकाळीच शिवयोगी शाळेत आला. पहिल्यांदाच पीठ न लागलेला चेहरा पाहिला त्याचा. पोरगी वर जाऊन काय बोलली म्हणं, असं त्यानं मला विचारलं. मला ऐकू आलं नाही, असं मी सांगितलं, आणि ते खरंही होतं. तो त्याच खालच्या आवाजात म्हणाला, "पोरीला आई न्हाई मॅडम. कायबी बोलती." शाळा सोडल्याचा दाखला त्यानं त्याच आठवड्यात नेला. गिरणीला कुलूप लागलं. शिवलीलाला आत्याकडे मैंदर्गीला ठेवलंय, एवढंच कळलं.

मी तुला किती फोन केले ते तू जाणतेस. मग मी माढ्याला गेले. शिवलीलाचा मामा भीमाशंकर तिथं असतो. मी कोण, कुठली आणि तू मला काय सांगितलंस, हे सगळं त्याला सांगितलं. तो म्हणाला, "माझी बहीण पोहणारी हुती मॅडम. आमच्याच हिरीत मी तिला शिकवलं. ती पाय घसरून बुडंल व्हय?" तेव्हाही त्यानं हेच विचारलं होतं. बाईमाणूस, साडीत पाय अडकला असेल, असं सगळ्यांनी त्याला समजावलं. डोक्याला जखम होती, ती पडताना लागली म्हणाले. तोही शेवटी गप्प बसला, कारण पोरगी त्या घरात होती.

त्यानं पोलिसांत अर्ज दिला. मी बालकल्याण समितीला लिहून दिलं की हुशार मुलगी मध्येच शाळेतून काढली आहे आणि मला तिची काळजी वाटते. समितीनं तिला बोलावून घेतलं आणि चौकशी होईपर्यंत इथल्या मुलींच्या बालगृहात ठेवलं. पोलिसांनी विचारलं, समितीतल्या बाईंनी जवळ घेऊन विचारलं, मामानं रडून विचारलं. प्रत्येकाला तिनं एकच उत्तर दिलं, मी नाटकातल्या बाईंना सांगितलंय. त्यापुढं शब्द नाही. तपास करणारे साहेब वाईट नाहीत. पण ते मला म्हणाले, मॅडम, मुलगी बोलत नाही, तुम्ही स्वतः ऐकलेलं नाही, ज्यांनी ऐकलं त्या येत नाहीत. मी काय लिहू?

दर्शू, तुझा तो एकच मेसेज माझ्याकडे आहे. मुलगी भावनेच्या भरात बोलली असेल, नाटकात असं होतं, मी नटी आहे, मला यात ओढू नकोस. तुझ्या दारात शिवयोगीकडची दोन माणसं येऊन नुसती उभी राहून गेली, हे मला तुझ्या बहिणीकडून कळलं. घरात लहान मूल असताना हे काय असतं, ते मी इथं बसून कसं सांगू? माझ्याही दारात आली होती ती. अम्मीनं त्यांना पाणी दिलं आणि दार लावून घेतलं. कोल्हापूरच्या प्रयोगात तू तो शेवटचा प्रश्न गाळलास, असंही ऐकलं. तू विचारलंस, दर्शू, तेव्हा उत्तर मिळालं. पुढच्या गावात न विचारल्यानं ते परत जात नाही.

गेल्या रविवारी मी बालगृहात जाऊन आले. शिवलीला वाळली आहे. केस कापलेत. मी नेलेल्या शेंगाच्या पोळ्या तिनं बाकीच्या मुलींना वाटून टाकल्या, आणि मी निघताना विचारलं, बाईंनी अजून सांगितलं नाही का? मी म्हटलं, लांब राहतात ना. ती मान डोलावून आत गेली.

तर हे पत्र एवढ्यासाठी. येत्या गुरुवारी सकाळी समितीपुढं शेवटची तारीख आहे. तू आलीस तर तिथंच तुला तिच्यासमोर बसवतील. जे तिनं तुझ्या कानात सांगितलं, ते तू तिच्यादेखत सांगायचं, एवढंच. मग ती बोलेल, असं मला वाटतं, आणि ती बोलली तर तिला न्यायाधीशांपुढं नेऊन जबाब घेऊ, असं साहेबांनी कबूल केलंय. रंग नको, ती साडी नको, तू आहेस तशीच ये. बुधवारी कुठल्याही गाडीनं ये, भीमाशंकर आणि मी दोघं स्टेशनवर असू. आमच्याच घरी उतर. तू आली नाहीस तर समितीकडे तिला ठेवून घ्यायला कारण उरत नाही. गुरुवारीच शिवयोगी तिला घेऊन जाईल. त्यानं तिच्यासाठी नवा ड्रेस आणून बालगृहाच्या ऑफिसात देऊन ठेवलाय. आणि तिला ओळखतेस ना आता, ती एक शब्द न बोलता तो अंगावर घालून त्याच्या मागं चालू लागेल.

बुधवारी वाट बघणारी,
तुझीच
कौसर