न्यायमूर्ती गमरे यांना साक्षीदार हवेत

मी, सुभद्रा सीताराम गमरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धर्म बौद्ध, अविवाहित, उच्च न्यायालयाची निवृत्त न्यायमूर्ती, राहणार हिंदमाताच्या मागे, दादर पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. 'दबावाशिवाय' हा शब्द मी नोकरीत असंख्य वेळा वाचला आणि दर वेळी लिहिणाऱ्याच्या खांद्यावर कोणाचा हात होता ते शोधले. माझ्या खांद्यावर कोणाचा हात नाही. घरात मी एकटी आहे आणि दाराला आतून कडी आहे.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टर वैदेही राऊत यांच्याकडून घेतला आहे. त्यांनी मला आज वार कोणता, असे विचारले. मी वार सांगितला आणि तुमच्या भिंतीवर मागच्या महिन्याचे पान का, असे विचारले. दाखला मिळाला. साक्षीदार म्हणून सही कराल का, असे विचारल्यावर मात्र त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावले.

या मृत्युपत्राला उशीर झाला तो यामुळेच. मी सही करताना पाहणारे दोन साक्षीदार कायद्याला लागतात. मृत्युपत्रांचे खटले चालवण्यात माझी अर्धी नोकरी गेली. साक्षीदार पिंजऱ्यात आला की मी एकच प्रश्न विचारायचे, "सही केली तेव्हा पेन कुणाचं होतं?" जो खोलीत नव्हता, तो तिथे अडखळायचा. वकील मंडळी मला मागे 'पेनवाली बाई' म्हणत, हे मला ठाऊक होते. आता माझ्यासाठी सही करायला माणूस शोधते तर माझ्याबरोबरीच्या न्यायाधीशांपैकी कोणाशी बोलणे उरलेले नाही, शेजाऱ्यांना मी चहाला बोलावत नाही, आणि जे स्वतःहून येतात त्यांचा मला संशय येतो.

कलम १. माझ्या अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील म्हणावे. भाषणे नकोत. कोणी माझ्याविषयी फारच चांगले बोलू लागला, तर त्याला कोणी पाठवले याची चौकशी करावी.

कलम २. बँकेतील सर्व ठेवी परळच्या त्या मुलींच्या वसतिगृहाला द्याव्यात, जिथे राहून मी कायदा शिकले. रक्कम धनादेशाने द्यावी आणि सत्कार स्वीकारू नये.

कलम ३. माझा भाऊ दौलत वारला. त्याला दोन मुले, निलेश आणि प्राची. निलेश वकील आहे. कायद्याची सर्व पुस्तके त्याला द्यावीत, वाचलेली नसल्यामुळे ती त्याला नवीच वाटतील. माझा काळा गाऊन त्याला देऊ नये. माझ्या तब्येतीची चौकशी करताना तो दर वेळी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला कधी जाणार, हेही विचारतो.

कलम ४. निलेशची पत्नी अक्षदा हिला माझी जांभळी पैठणी द्यावी. मागे एकदा तिने पदर उलटा करून जर खरी आहे का ते पाहिले होते. मला राग आला नाही. मीही तेच केले असते.

कलम ५. हे कलम मिळकतीचे नाही, तरी ते इथेच राहू द्यावे. माझे वडील सीताराम गमरे परळच्या गिरणीत साचे चालवायचे. चाळीतली खोली त्यांच्या नावावर होती. एक दिवस त्यांचा चुलतभाऊ कागद घेऊन आला. वडील रात्रशाळेत शिकलेले, त्यांना वाचता येत होते. तरी ते म्हणाले, "आपलाच आहे, वाचायचं काय?" आणि सही केली. थोड्याच दिवसांत खोली त्या चुलतभावाच्या नावावर झाली आणि आमची भांडी गॅलरीत आली. आई, मीराबाई, वडिलांना एका शब्दाने बोलली नाही. मी खूप बोलले. तेव्हापासून मी कोणताही कागद वाचल्याशिवाय सही केली नाही आणि कोणताही माणूस तपासल्याशिवाय जवळ केला नाही. दौलतच्या मुलांनाही लहानपणी हाच धडा दिला. शाळेच्या सहलीच्या कागदावरसुद्धा मी त्यांना आधी तो मोठ्याने वाचायला लावायचे.

तरुणपणी एकाने मला मागणी घातली होती. चांगला होता. मी त्याला इतके प्रश्न विचारले की शेवटी तो म्हणाला, "सुभद्रा, मी साक्षीला आलेलो नाही." तो परत आला नाही. याचे मला दुःख आहे. कोर्टात सांगितले नसते, इथे सांगते.

कलम ६. प्राचीविषयी. प्राची शाळेत शिक्षिका आहे. दर रविवारी ती माझ्याकडे बोंबील घेऊन येते. मी तिला पहिल्यांदा विचारले होते, "काय काम काढलंस?" ती म्हणाली, "काम नाही, बोंबील आहेत." तेव्हापासून मी तिच्यावर लक्ष ठेवून होते.

गेल्या रविवारी तिघांनाही बोलावले आणि साक्षीदार हवेत असे सांगितले. आपल्याकडे सर्रास समज आहे की जो साक्षीदार होतो त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. ख्रिस्ती आणि पारशी लोकांना तसा कायदा आहे. बौद्धांना आणि हिंदूंना तो लागू नाही. निलेशला हे माहीत नसणार, याची मला खात्री होती.

निलेश म्हणाला, "आत्या, मी वकील ना, ते बरं नाही दिसणार. बाहेरचा कोणीतरी बघ ना."

अक्षदा म्हणाली, "माझी सही तर बँकेत पण मॅच होत नाही हो, आत्या."

प्राची आत बोंबील तळत होती. हात पुसत बाहेर आली. "कुठे करायची?"

मी म्हटले, "साक्षीदाराला काही मिळत नाही, ठाऊक आहे ना?"

"हो. दादा आत्ताच वहिनीच्या कानात तेच सांगत होता."

"मग सही का करतेस? काय पाहिजे तुला?"

"तुला माणूस मिळत नाहीये म्हणून. दर वेळी काहीतरी पाहिजेच असतं का गं?" ती आत गेली. बोंबील करपले होते, आम्ही तसेच खाल्ले.

तरीही माझे समाधान झाले नाही. मोबाइलवर हल्ली सगळा कायदा सापडतो, हिने आधीच पाहून ठेवला असेल, असे वाटले. म्हणून मंगळवारी तिच्या शाळेत चौकशीला गेले. मला फाटकात पाहताच ती वर्ग सोडून धावत आली. "बरं वाटत नाहीये का तुला?" एवढेच विचारले आणि टॅक्सी करून मला घरी आणून सोडले. माझी चौकशी तिथेच संपली.

कलम ७. म्हणून माझे राहते घर, आतल्या सर्व वस्तूंसह, प्राची दौलत गमरे हिला द्यावे. कोणतीही अट नाही. अट घालायला बसले होते, मग पेन खाली ठेवले.

कलम ८. निलेश हरकत घेईल. जिला घर मिळाले तीच साक्षीदार, यात काळेबेरे आहे, असे म्हणेल. मी त्या खुर्चीत असते तर मीही हेच म्हटले असते. तिथे जो कोणी बसला असेल त्याने खुशाल संशय घ्यावा आणि मग दुसऱ्या साक्षीदाराला बोलवावे. मृत्युपत्र सिद्ध करायला एक साक्षीदार पुरतो. तो आमच्या सोसायटीचा सचिव हितेंद्र सावे. पाण्याच्या टाकीवरून मी त्याच्याविरुद्ध तक्रार केली आहे आणि तो मला जिन्यात ओळख दाखवत नाही. माझ्यासाठी तो खोटे बोलणार नाही. त्याने विचारले, "मॅडम, मीच का?" मी म्हटले, "तुमचं माझं पटत नाही म्हणून." तो म्हणाला, "मग येतो."

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. हितेंद्रच्या वेळी मी कागदावर वर्तमानपत्र ठेवणार आहे. प्राचीला मात्र वाचायला देणार आहे. आपल्या घरात न वाचता सही करत नाहीत.

ठिकाण दादर, मुंबई. रविवार, १६ नोव्हेंबर २०२५.

(सही) सुभद्रा सीताराम गमरे

साक्षीदार पहिला: हितेंद्र सावे, सचिव. मॅडमनी माझ्यासमोर सही केली. पेन मॅडमचे होते, मी सही माझ्या पेनने केली. टाकीची तक्रार मागे घ्यावी, ही विनंती.

साक्षीदार दुसरी: प्राची दौलत गमरे, शिक्षिका. आत्याने माझ्यासमोर सही केली. पेन तिचंच. कागद पुढे करून वाच, वाच म्हणत होती. मी वाचला नाही. आपलीच आहे, वाचायचं काय?