ऑइलचा लाल दिवा

बाबा, नमस्कार. मी ठणठणीत आहे, आधीच सांगते.

परवा चढावर माझ्या ट्रकचा ऑइलच्या दाबाचा काटा एकदम खाली आला, लाल दिवा लागला आणि बझर कोकलू लागला. मी तिथेच इंजिन बंद केलं. मालक फोनवर ओरडला, "दिव्यावर टेप चिकटव आणि ये, सगळे तसंच करतात!" म्हटलं, "मग त्या सगळ्यांनाच पाठवा." ट्रक हलवला नाही. मेकॅनिकने पाहिलं, तर ऑइलचा पाइप फुटलेला; तसाच चालवला असता तर इंजिन जाम झालं असतं. मालक अजून फुगून बसलाय. बसू दे!

आई सांगत होती, जिना चढताना तुमच्या छातीत दुखतं आणि तुम्ही बाम चोळून कामाला जाता. खरं का? बाबा, ती टेपच झाली! उद्याच डॉक्टरांकडे जा. नाहीतर मी येईन, आणि माझा आवाज बझरपेक्षा मोठा आहे, हवं तर मालकाला विचारा.

तुमच्याइतकीच हट्टी,
धाकटी