बाबासोच्या नावावर

कोपरखैरणे,
१३ जानेवारी २०२५

चि. बाबासो यास,

जेवतो मी टायमावर. दोन भाकरी, कालवण. गुडघा बरा हाय. तू विचारलं न्हाईस, पन गावात उगं कुनी सांगत फिरू नये की थोरल्याचे हाल चाललेत. तुझ्या शकुबाईला आशीर्वाद. फोन उचलत न्हाईस म्हणून कागद घेतला.

बातमी एकच. दिवाळीनंतर सीवूड्सची एक पोरगी दारात आली, मनस्वी नावाची. पितळेचा वाकडा भोंगा वाजवती, सॅक्सोफोन. चौघांचा बँड हाय त्यांचा. गाणारं कुनी न्हाय, नुसतं वाजवायचं. जॅझ म्हणतात, त्यात आपल्या लग्नातल्या चाली मिसळायच्या. मार्केटातल्या हमालांनी पत्ता दिलेला. "बाबासो सनईवाले तुम्हीच ना?"

मी म्हणलो, "मीच."

तुमी दोघं गावी गेल्यापासून सहा महिने त्या दारावर वीजबिलवाला सोडून कुनी हात मारला नव्हता. म्हणून 'मीच' म्हणलो, झालं.

गेलो. आठव्या मजल्यावर खोली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना गाद्या. आपन जन्मभर आवाज गावच्या शिवेपर्यंत जावा म्हणून गाल फुगवले, आन् ही तऱ्हा! पोरगी म्हणती, "काका, आता तुमची चाल होऊ द्या." माझी कसली चाल? चाळीस वर्षं चाल तू वाजवलीस. मी शेजारी बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर धरायचो, श्वास न तोडता. तेच केलं.

पोरं खूश. ड्रमवाला म्हणतो, "काका, एक नंबर! असा सूर कुठं मिळायचा?" माझ्या सुरावर मनस्वीनं भोंगा लावला. वाईट न्हाय वाजवत. पन मी तुझ्या वळणाला कान लावून बसायचो, आन् तिथं तिचं वळण यायचं.

दर रविवारी चालीचं विचारायची. आज बोटं आखडलीत, आज दात दुखतोय, असं दोन महिने ढकललं. मग पोस्टर छापून आलं. सनई : बाबासो. काल सांगून टाकलं, "पोरी, बाबासो माझा धाकटा. मी नुसता सूरवाला." वाटलं, हाकलंल.

ती म्हणली, "मग ते कुठंयत?"

"गावी."

"का गेले?"

लग्नात मला खोकला आला, सूर तुटला, त्याला राग आला, असं सांगितलं. तुलाबी तेच सांगितलेलं. वैशाखातलं शेवटचं लग्न. यजमानानं तुला फेटा बांधला, मला न्हाय. ऐन अक्षतांच्या टायमाला मी सूर सोडला. तू एकटा उघडा पडलास, मांडव हसला. खोकलाबिकला काय नव्हता, बाबासो.

त्या दिवशी तू सनई मांडवातच टाकून उठलास. मी उचलून आनली. तोंडाला नवी पत्ती बसवलीय.

२ फेब्रुवारी, रविवार, सांजच्याला सहा, वाशीच्या हॉलात बँडचा कार्यक्रम हाय. मनस्वीनं चार मिनिटं मोकळी ठेवलीत, तिथं ती वाजवणार न्हाय. पोस्टरवरचं नाव मी बदलू दिलं न्हाय. मी सूर धरून बसणार, वर कुनी वाजवो न वाजवो.

ये म्हणत न्हाय. येऊ नको असंबी न्हाय. याच्या पुढं मी एक अक्षर लिहिणार न्हाय, तू विचारलंस तरी न्हाय.

तुझा थोरला,
शिवराम