बहिणीच्या हातचं पाणी

९ मार्च २०२५

देवानंद येऊन गेला. नत्थूचा मुलगा. भाचा म्हणावा लागतो.

"आत्या, बाबाचा दगड बसवाचा आहे. सत्तावीस एप्रिलले. तुले यावंच लागते."

यावंच लागते! आम्हा मडाव्यांच्या घराण्यात मेलेल्याचा दगड देवाच्या जागी मांडतात आणि त्यावर बहिणीच्या, आई असेल तर लेकीच्या हातचं पाणी पडावं लागतं. नाही पडलं तर तो पूर्वजांत मिळत नाही. गावच्या शिवेबाहेर लटकत राहतो. नत्थूला बहीण एकच — मी. लग्न केलं नाही, म्हणून अजून मडावीच.

चहा दिला. मग सांगितलं, "मी ईस्टरला बाप्तिस्मा घेते आहे. माझा हात आता तुमच्या कामाचा नाही."

तो चहा टाकून उठला.

नत्थू गेला त्याच्या पुढच्याच रविवारी मी चर्चमध्ये नाव दिलं होतं. उगाच नाही!

१२ मार्च

सगळे विसरले, म्हणून लिहून ठेवते.

१९९४. नत्थूचा थोरला वारला. चार वर्षांचा. सिकलसेल, रक्ताचा आजार. मी रेल्वेच्या दवाखान्यात नर्स. रिपोर्ट मी स्वतः नत्थूला समजावून सांगितला होता. त्यानं मान डोलावली आणि घरी जाऊन गुनियाला, गावच्या मांत्रिकाला बोलावलं. गुनियानं सुपात तांदूळ टाकले आणि बोट आईकडे केलं. टोनही! चेटकीण! नातू खाल्ला!

त्या पोराचे सांधे सुजायचे तेव्हा त्याला मांडीवर घेऊन बसायची ती. तिला पोटच्या पोरानं केसाला धरून गावाबाहेर काढलं. माझ्याकडे चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली. दोन वर्षं खिडकीशी बसून मालगाड्या बघितल्या आणि गेली.

तिचा दगड बसव म्हणून सांगायला मी गावी गेले, तर हा दारातूनच म्हणाला, "टोनहीचा दगड देवात नाही बसत."

तेव्हापासून आई बाहेर. आता तूही राहा, नत्थू. ऊन लागू दे!

१६ मार्च

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी अकरा वर्षं शिकवलं. हातावर पट्ट्या मारल्या, इंग्रजी घोटून घेतलं, पण बाप्तिस्मा घे असं एकदाही म्हणाल्या नाहीत. त्यांना वाटलं असेल, ही पोरगी भांडकुदळ आहे, येशूलाही पुरून उरेल.

आज चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या शिकवणीत प्रभूची प्रार्थना म्हणायची होती. मला लहानपणापासून पाठ. इतरांना क्षमा करतो त्या ओळीवर मात्र मी खोकले. दर रविवारी तिथंच खोकते. फादर म्हणाले, "नर्सबाई, छातीचा एक्स-रे काढा."

३० मार्च

देवानंदचा फोन. "आत्या, मी गावच्या लोकायले मनवलं. आजीचा बी दगड बसवतो. पहिले आजीचा, मंग बाबाचा. दोघायलेही तूच पाणी टाक."

एकोणतीस वर्षं हे वाक्य ऐकायला थांबले होते. आणि तोंडातून काय निघालं? "आईला तुझ्या बापाच्या शेजारी बसवू? मर जाऊन!"

फोन आपटला. बीपी एकशे सत्तर.

३१ मार्च

जेवले नाही.

६ एप्रिल

सिविक सेंटरच्या बाजारातून पांढरी साडी आणली, बाप्तिस्म्याची. शेजारची कांता बघायला आली. तिला सगळं सांगितलं — बरंचसं फुशारकीनंच. ती साडीचा काठ चाचपत ऐकत होती.

"पण बाई, तू तं आता येशूची होऊन राहिली. मंग ते दगड, ते पाणी, सारं खोटंच ना तुह्यासाठी?"

"खोटंच."

"मंग तुहा भाऊ लटकून कुठं राहिला?"

"लटकला आहे! तुला काय करायचंय?"

"अन् माय?"

साडी हिसकावून घेतली. दार दाखवलं. सत्तरी आली बाईची तरी जिभेला हाड नाही! माझ्या जिभेबद्दल बोलतात लोक.

७ एप्रिल

कांतानं डब्यात गोड शिरा पाठवला. परत पाठवला.

११ एप्रिल

ती भवानी खरं बोलली.

नत्थूला शिवेबाहेर ठेवायचं तर आधी ती शीव खरी मानावी लागते. पाणी खरं, दगड खरा — मग गुनियाचे तांदूळही खरे. आणि मग आईही तिथंच. उन्हात. कुणाबरोबर? त्याच्याचबरोबर!

मी नर्स. मी सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली. सिकलसेलचा रिपोर्ट मी वाचलेला. आणि तिला इतकी वर्षं त्या शिवेवर उभं कुणी केलं? नत्थूनं एकदा बाहेर काढली. मी रोज काढते.

पण ती शीव पुसली तर तोही सुटतो. फुकटात! माफीचा एक शब्द न बोलता!

नाही जमत. नाही.

१८ एप्रिल

गुड फ्रायडे. उपास. देवानंदचे तीन फोन. उचलले नाहीत. कांता चर्चच्या फाटकापर्यंत सोबत आली.

२० एप्रिल, ईस्टर

फादरनी विचारलं, "जुनं सगळं सोडलं?"

जुन्यात ती शीवही आली. "सोडलं."

डोक्यावर पाणी पडलं. चांगलंच गार होतं. नंतरच्या प्रार्थनेत त्या ओळीवर खोकले नाही.

आई सुटली. आणि तिचा पदर धरून तो हलकटही सुटला.