पट्टा ओढल्यावर

११ मार्च

पाणी मारून जागा धुतली. जेवणाच्या सुट्टीनंतर काम सुरू!

सकाळी फरशीवाला लिफ्टच्या मोकळ्या खड्ड्यात पडला. आम्ही इमारतीच्या बाहेरून परांची बांधत होतो. आवाज ऐकून माझा जोडीदार उंट — उंचीमुळे साइटवर पडलेलं नाव — सगळ्यांच्या आधी खाली पोहोचला. गाडी येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, काहीतरी बोलत होता त्याच्याशी. गाडी आली तेव्हा फरशीवाला गेलेला होता.

मुकादम म्हणाला, "चला आता. बसून राहिलात म्हणून तो परत येणार आहे का?" उंटाने हात धुतले, सेफ्टीचा पट्टा बांधला आणि माझ्या मागोमाग वर आला. त्याला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही. इतक्या वर्षांचा जोडीदार, पण विचारणार तरी काय?

१४ मार्च

फरशीला नवा माणूस आला. हात चांगला आहे त्याचा.

२० मार्च

आमची एक पद्धत आहे. वर चढण्याआधी मी उंटाचा पट्टा मागून ओढतो, तो माझा. हिसका बसला की म्हणायचं, "आहे." मगच पाय उचलायचा. आमची जोडी जमली तेव्हा त्यानेच ही पद्धत पाडली. पण तो नुसतं "आहे" कधी म्हणायचा नाही. "आहे, आणि तुझ्या डोक्यावर बसायला आहे." "आहे, बायकोला कळवू नकोस." हल्ली फक्त मान हलवतो.

सेफ्टीच्या मॅडमनी आज त्याला बाजूला घेऊन विचारलं, झोप लागते का. तो म्हणाला, लागते. खोटं! डोळे कसे झालेत त्याचे. पण मला राग आला तो मॅडमचाच. माणसाच्या झोपेशी यांना काय करायचंय? पडणाऱ्याला झेलायची जाळी बांधायच्या वेळीही अशाच हात धुऊन मागे लागल्या होत्या. आम्ही येता-जाता विचारायचो — मॅडम, मासे कधी लागणार?

२ एप्रिल

उंट पडला. जाळीत पडला, जिवंत आहे. उद्या लिहीन.

३ एप्रिल

मागच्या बाजूची परांची उतरवत होतो. उतरवताना एक गोष्ट झोपेतही विसरायची नसते — जो पाइप सोडायचा, त्याला आपल्या पट्ट्याचा हुक लावायचा नाही. पाइप सुटला की तो आपल्याला घेऊनच जाणार. नवशिक्याला पहिल्या दिवशी हेच सांगतात. मला तर उंटानेच शिकवलं, कान पिळून. आणि त्यानेच हुक त्या पाइपला लावला, क्लॅम्प सोडला आणि पाइपसकट खाली गेला.

गळ्याजवळचं हाड मोडलंय. खांदा निखळला होता, तो बसवला. साइटवर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच — वय झालं, लक्ष नसतं. मी भांडलो सगळ्यांशी. पट्टीचे पोहणारेच बुडतात, म्हटलं. एक चूक झाली तर लगेच माणूस मोडीत काढायचा?

सकाळी मी त्याचा पट्टा ओढला होता. घट्ट होता. मान हलवली होती त्याने.

१९ एप्रिल

त्याच्या घरी गेलो. त्याला हसवायला मुकादमाची नक्कल केली. हसला नाही. मीच हसलो.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "भावजी, हे झोपत नाहीत हो. उठतात, हात धुतात, येऊन बसतात. परत उठतात, परत धुतात." मी म्हटलं, वहिनी, कामाचा माणूस घरात कोंडला की असंच होणार. वर आला की आपोआप ताळ्यावर येईल. त्यांनी मान डोलावली. वाईट वाटलं फार, पण मला जे पटत होतं तेच सांगितलं.

६ जून

हाड जुळलं! डॉक्टरने कामाला मोकळं केलं. मॅडमनी केलं नाही. म्हणतात, "खांद्याचं झालं. आता मनाच्या डॉक्टरांना दाखवू, मी स्वतः नेते. तोवर त्यांना खाली स्टोअरमध्ये बसू दे."

स्टोअरमध्ये! उंटाला! ऑफिसात जाऊन तोंडाला येईल ते बोललो. वेडा ठरवताय का त्याला, म्हटलं. मॅडमचा आवाज चढला नाही. "तो हुक त्या पाइपला कसा लागला असेल, तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, चुकून. मी दार आपटून बाहेर आलो.

९ जून

जमवलं! मुकादमाला म्हटलं, त्याच्यासारखा हात तुम्हाला दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही, आणि त्याची जबाबदारी माझी. मुकादमाला माणूस हवाच होता. मॅडमना न विचारता मोठ्या साहेबांकडून त्याने होकार आणला. सोमवारपासून उंट वर, माझ्या जोडीला.

खरं सांगायचं तर हे मला माझ्यासाठीही हवं होतं. त्याच्याशिवाय वर उभं राहताना मी माझा हुक तीन-तीनदा तपासतो. नव्या जोडीदाराचा पट्टा ओढला की तो वळून विचारतो, "काय झालं?"

११ जून, रविवार

बातमी द्यायला त्याच्याकडे गेलो. पायरीवर बसून चहा घेतला. आत वहिनी उद्यासाठी त्याचा डबा घासत होत्या, गुणगुणत होत्या.

उंट कपात बघत म्हणाला, "चूक नव्हती रे ती. कुठला पाइप ते ठाऊक होतं मला." मग कप खाली ठेवत म्हणाला, "जाळीचं तेवढं ध्यानात नव्हतं."

मी त्याचा सदरा मागून घट्ट धरला. दुसऱ्या हाताने मॅडमना फोन लावला. त्या येईपर्यंत सोडला नाही.