दहा बाय बाराची खोली

४ फेब्रुवारी

आज प्लॉटवर चुन्याच्या रेघा मारल्या. कंत्राटदार म्हणाला, हेच तुमचं घर. आम्ही सगळे आत शिरलो. बाबा हॉलमध्ये कमरेवर हात ठेवून उभे. आई थेट स्वयंपाकघरात, तिला कुणी सांगावं लागलं नाही. छोटू (माझा धाकटा भाऊ, वय एकेचाळीस, पण नाव काही सुटत नाही) जिना कुठून चढणार ते हवेत दाखवत होता. भावजय रेघ न ओलांडता, जिथे दार येणार आहे तिथूनच आत आली. शिस्त म्हणजे शिस्त!

मीही माझ्या खोलीत जाऊन उभी राहिले. मागच्या बाजूला, दहा बाय बारा, पूर्वेला खिडकी, लागून बाथरूम. चव्वेचाळीस वर्षांत पहिली स्वतःची खोली. तेवढ्यात वारा आला आणि एक भिंत उडून गेली.

१९ फेब्रुवारी

पाया खणायला घेतला. देखरेख कोण करणार? बाबांचे गुडघे. छोटूचं ऑफिस. भावजयीला धूळ सोसत नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझी ड्यूटी दोनला संपते ना?" संपते. सकाळी सातपासून लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढते, ते काय ते टाइमपास म्हणून.

तर मी आता साइटवरची मॅडम. कंत्राटदार मला विचारतो आणि स्वतःला हवं ते करतो. घरी तरी वेगळं काय चालतं?

११ मार्च

बाथरूम गेलं. जिना कुठेच बसत नव्हता म्हणे, तो माझ्या बाथरूममध्ये अगदी चपखल बसला. मी कामावर असताना ठरलं. रात्री छोटू म्हणाला, "ताई, तुझी काही हरकत नाही ना? तसं खोदकाम झालंच आहे."

हरकत विचारायची ही रीत मला फार आवडते. पाय कापून झाल्यावर पेशंटला विचारावं, कापू का?

१२ मार्च

आईला सांगितलं. आई म्हणाली, "जुळवून घे." ताप असो, खोकला असो, एकच बाटली.

५ एप्रिल

विटांच्या भिंती खांद्याएवढ्या झाल्या. दुपारी त्यांच्यावर पाणी मारायचं काम माझं. पाइप धरायचा आणि हळूहळू पुढे सरकायचं. तापलेल्या विटा पाणी पिताना बारीक आवाज करतात. कान देऊन ऐकलं.

इथे लिहायला हरकत नाही— हे काम मला आवडतं. माझ्या खोलीच्या भिंतींना जरा जास्त पाणी मारते. कुणाला सांगायची गोष्ट नाही ही.

२८ एप्रिल

खिडकी गेली. शेजारची खोली भाचीच्या अभ्यासाची, तिला उजेड हवा. मुलीच्या अभ्यासापुढे कोण बोलणार! मग भावजयीच्या कपाटाला भिंतीत जागा हवी, म्हणून भिंत इकडे सरकली. बाबांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. "एकटीला कशाला एवढी मोठी?"

आता खोली आठ बाय सात. झरोका आहे. झरोक्यातून जिना दिसतो.

आज गवंडी विचारत होता, "मॅडम, हे स्टोअर ना? कशाचं?" म्हटलं, माणसांचं. तो हसला नाही. बहुतेक खरं वाटलं त्याला.

३० एप्रिल

शेवटी बोलले. जेवणं झाल्यावर, आवाज न चढवता. म्हटलं, ठरली होती तशी खोली मला हवी आहे. बाबांनी पेपर खाली केला. म्हणाले, उद्या तुझं कुठे जमलं तर ती खोली रिकामीच पडणार. आशावादी माणूस! मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी एवढं लांबचं कुणाला दिसत नाही.

छोटू म्हणाला, बघू. भावजय म्हणाली, बाई गं, किती उशीर झाला. आई आत भांडी घासत होती. नेहमीपेक्षा जोरात. म्हणजे काही ऐकू आलं नाही असं म्हणता यावं.

मला खरा राग आईचाच येतो. बाकीच्यांकडून मी काही मागितलेलंच नाही कधी.

२ जून

स्लॅब पडला. सगळं घरदार नटूनथटून साइटवर. वर लोक घमेली पास करतायत, मिक्सर गडगडतोय आणि आमचे बाबा खालून हात वर करून सूचना देतायत. एकही ऐकू गेली नाही, म्हणून काम नीट झालं.

नंतर सगळ्यांचा फोटो. त्यात मी नाही. फोटो काढणं हा माझा धंदाच आहे असं घरात सर्वांचं मत. "श्वास रोखा, हलू नका" म्हणायची फार इच्छा झाली. आणि मग "सोडा" म्हणायचंच नाही.

२० जुलै

प्लास्टर झालं. ओटाही बसला. भावजयीने आईला मुद्दाम बघायला आणलं. सगळं बटणांवर चालणारं. कुठलं बटण कशाचं ते तिने दाखवलं, आणि आईने हात पुढे केला तेव्हा हळूच बाजूला केला. "आई, तुम्ही आता फक्त आराम करायचा. इकडे यायचंच नाही."

सगळे कौतुकाने हसले. आईही हसली. मग विचारलं, "मी बसायचं कुठे?"

"हॉलमध्ये! बाबांशेजारी. टीव्ही बघत."

आई ओट्यासमोर बराच वेळ उभी होती. बाबांनी दोनदा हाक मारली, तरी हलली नाही. खरं लिहायचं तर मला जरा बरं वाटलं. जिभेवर आलंच होतं, जुळवून घे. गिळलं.

६ ऑगस्ट

दुपारी गेले तर सुतार माझ्या खोलीत फळ्या ठोकत होता. तीन भिंतींना, वरपासून खालपर्यंत. सुटकेसा, गाद्या, जुनी मासिकं— सगळं इथे मावणार. छोटूसाहेबांनी सांगितलंय म्हणाला. मी विचारलं, पलंग कुठे लावायचा? त्याने टेप काढला, बिचाऱ्याने मनापासून मोजलं आणि म्हणाला, "उभा लावला तर बसेल."

तिथेच सिमेंटच्या पोत्यावर बसले. रडले. साडीला सिमेंट लागलं ते वेगळंच.

मग उठले आणि थेट घरमालकाकडे गेले. आम्ही राहतो त्या भाड्याच्या तीन खोल्या महिन्याभरात सुटणारच होत्या. म्हटलं, सोडत नाही. माझ्या नावावर करा. तो म्हणाला, मला काय, नवीन भाडेकरू आला की भिंतीला नवे खिळे.

इतकं सोपं होतं! मी इतके दिवस कुणाला विचारत होते?

९ ऑगस्ट

जेवताना सांगितलं. मी येत नाही, इथेच राहणार.

बाबा म्हणाले, लोक काय म्हणतील. छोटूचा घास हातातच राहिला. "ताई, आम्ही तुला काही कमी केलं का?"

"खोली," मी म्हटलं.

भावजय म्हणाली, मग त्या खोलीला सरकतं दार करून घ्यायचं का? या घरात व्यवहार तिला एकटीलाच कळतो.

आई पाणी आणायला उठली. परत आली तेव्हा तांब्या रिकामाच होता. जुळवून घे, हे नेहमीचं औषधसुद्धा दिलं नाही.

७ सप्टेंबर

गेले सगळे. ट्रकमध्ये सामान चढवायला मीच पुढे होते. भाचीने गळ्यात पडून विचारलं, आत्या, तू रुसलीस का? नाही गं, म्हटलं, राहिले फक्त.

आतल्या खोलीत माझा पलंग लावला. दुपारी दार लावलं. उघडलं. परत लावलं. मज्जा!

संध्याकाळी एकटीपुरता भात टाकायला गेले, तर सहा जणांचा पडला. हाताला सवय. पातेल्यापाशी उभ्याउभ्याच खाल्ला. तेव्हा काही फार मज्जा आली नाही.

१२ सप्टेंबर

नवं घर बघून आले. छान झालंय, खोटं कशाला बोला. प्रत्येक पाहुण्याला छोटू मला दाखवून सांगत होता, "हे सगळं ताईनेच उभं केलं." जिन्यालगतचं सरकतं दार मात्र कुणी उघडून दाखवलं नाही.

आई हॉलमध्ये सोफ्याच्या टोकाला बसली होती, परक्याच्या घरी बसावं तशी. मला चहा द्यायला उठली, तर भावजयीने खांदे धरून बसवलं. निघताना मी म्हटलं, येते. तिने नुसती मान हलवली.

१५ सप्टेंबर

सकाळी बेल वाजली. दारात आई. काखेत उशी, हातात बॅग. म्हटलं, बाबा? "सांगून आले. पेपर वाचत होते, बरं म्हणाले. जेवायच्या वेळेला कळेल त्यांना."

मी दारातच खिळले होते. ती म्हणाली, "आधी वडिलांच्या घरात राहिले, मग ह्यांच्या, आता छोटूच्या. तुझ्याकडे राहू का? तुझी हरकत असेल तर आत्ताच सांग, अजून चपला काढल्या नाहीत."

मी बॅग घेतली. म्हटलं, खोली तू निवड.

तिने आतली निवडली. आत गेली, दार लावलं, आतून कडी घातली. बहात्तर वर्षांची बाई!

मी दार वाजवलं नाही. भात टाकलाय. दोघींचा.