नामकरणाचं लाइव्ह

प्रिय आई,

हे पत्र दैवशालामावशीनं तुला गोठ्यात गाठून दिलं असेल. तिथंच वाच आणि वाचून झालं की चुलीत घाल. फोन करायची सोय नाही. तुझा फोन आता दादाच्या खिशात असतो, असं मावशी म्हणाली. शेजारी राहून ती आपल्या घरातलं सगळं ऐकत आली आहे, त्यामुळे तिला काही विचारावं लागत नाही.

आधी चांगली बातमी. तुझी नात एक वर्षाची झाली. नाव विशाखा. भिंतीला धरून चार पावलं टाकते आणि बसताना धपकन् आदळते, पण रडत नाही. नाक तुझं आहे, बसकं. वाढदिवसाला केक आणला नाही. सासूबाईंनी गव्हाची खीर केली. मी त्यांना आत्या म्हणते. फोटो एकही काढला नाही. पुण्याच्या संस्थेतल्या गौरीचा फोन आला होता, पेजवर टाकायला बाळाचा एक फोटो द्याल का म्हणून. आत्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "बाई, एकदा टाकला की. आता न्हाय." आणि ठेवून दिला.

तुझ्यापुढं हे सगळं पहिल्यापासून कुणी मांडलंच नसेल. आपल्या घरात तुला फक्त निकाल सांगतात. म्हणून मी मांडते.

प्रसेनजित आणि मी धाराशिवला फार्मसीला एका वर्गात होतो, एवढं तुला माहीत आहे. दादाला माझ्या फोनमध्ये त्याचा मेसेज सापडला त्या दिवशी त्यानं मला पाण्याच्या मोटारीच्या वायरनं मारलं. तू मध्ये पडलीस आणि आण्णांनी तुला केसाला धरून मागं ओढलं. चौथ्या दिवशी मी घर सोडलं. लग्न पुण्यात झालं, त्या संस्थेनंच लावून दिलं. आंतरजातीय लग्न केलेल्या पोरापोरींना ही संस्था आसरा देते, वकील देते. माझ्यामागं आपल्या माकणीत काय झालं ते मी फोनवर पाहिलं. दादाच्या रणझुंजार प्रतिष्ठानच्या पेजवर माझा दहावीतला फोटो होता, हार घातलेला. खाली लिहिलं होतं, भावपूर्ण श्रद्धांजली. आण्णांनी डोकं भादरलं होतं. धरणाच्या कडेला मांडव घालून माझा दहावा केला, पंगती उठवल्या, आणि त्या पंगतींचाही व्हिडिओ टाकला. ज्या पेजवर दादा दरसाल तलवारीनं केक कापतो आणि रक्तदानाच्या बाटल्यांसोबत उभा राहतो, त्याच पेजवर. त्या व्हिडिओत मागच्या बाजूला तू पुऱ्या लाटत होतीस. स्वतःच्या जित्या लेकीच्या दहाव्याच्या पुऱ्या. तुझा चेहरा दिसला नाही, हात दिसले.

तेरला मी सुखात होते, आई. हे तुला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. सासरे आबाराव एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले तरी घरात कुणी उठून चाललं की म्हणायचे, "चला, पुढं सरका." मला त्यांनी कधी सूनबाई म्हटलं नाही, राजनंदिनी असं अख्खं नाव घ्यायचे. पोटुशी असताना मला रोज नदीकडं फिरायला न्यायचे आणि लोकांना सांगायचे, आमच्या घरात मास्तरीण आली. फार्मसीवालीला मास्तरीण का म्हणतात ते मी शेवटपर्यंत विचारलं नाही.

नामकरण विहारासमोरच्या पटांगणात होतं. आपल्याकडं बारसं म्हणतात, तसंच. वंदना झाली, त्रिसरण-पंचशील झालं, बायांनी पाळणा म्हटला. नाव जेवणं झाल्यावर घ्यायचं ठरलं होतं, कारण आबांची बहीण सोलापूरहून यायची होती. पाळण्यावर आत्यांच्या लग्नातला शालू टाकला होता. संस्थेची पोरं पुण्याहून आली होती. आमचं बोलणं झालं होतं की फोटो काढा, पण गावाचं नाव टाकू नका आणि आमची तोंडं दाखवू नका. गौरी आनंदात होती. तिच्या पेजला पुरस्कार मिळाला होता, लोकांना ह्या गोष्टी दिसायला पाहिजेत असं तिचं म्हणणं. तिनं फोन उंच धरला आणि लाइव्ह सुरू केलं. वर लिहिलं होतं, जात गाडणारं बाळ, तेरहून थेट. मला हे नंतर कळलं. त्या वेळी मला वाटलं ती साधे फोटो काढते आहे.

माकणीहून तेरला यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ते आले. दोन गाड्या. दुपारची पंगत अर्धी झाली होती. फाटकापाशी आबा उभे होते, डोक्याला नवा पटका, पाहुण्यांच्या स्वागताला. गाडीतून उतरलेल्यांची तोंडं रुमालानं बांधलेली होती. उन्हाचे दिवस, आबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते हात जोडून पुढं झाले, म्हणाले, "या पावनं, या. पंगत चालूच हाय."

पहिला कोयता त्यांच्या मानेवर बसला. आई, तो आवाज ओल्या लाकडावर बसतो तसा होता. आबा खाली बसले, पडले नाहीत. जोडलेले हात तसेच होते. मग दुसरा वार डोक्यात. प्रसेनजित फाटकाकडं धावत गेला होता. त्यानं कोयता उजव्या हातानं धरला, नुसत्या हातानं, पातं धरलं. त्याची तीन बोटं तिथं मातीत पडली. एकजण त्याच्या पाठीवर सळई घालत होता आणि तो दुसऱ्या हातानं आबांचं डोकं दाबून धरत होता, रक्त थांबावं म्हणून. बाया पोरांना घेऊन विहारात शिरल्या. पत्रावळी, भात, वरण, सगळं तुडवलं गेलं. गौरीला कुणीतरी ढकललं आणि तिचा फोन पडला. फोन आभाळाकडं तोंड करून पडला आणि लाइव्ह तसंच चालू राहिलं. हजारो लोकांनी मांडवाचं निळं कापड बघत आमचं किंचाळणं ऐकलं. खाली माणसं बदाम आणि हसरी तोंडं टाकत होती. मी नंतर ते पाहिलं. वकिलांना द्यायचं होतं म्हणून पाहावं लागलं.

एकजण सरळ पाळण्याकडं गेला. कुणाकडं बघितलंही नाही. त्यानं शालूसकट पाळण्यावर वार केला, एक, दोन, तीन. दोऱ्या तुटल्या, पाळणा उलटा झाला, आत गोधडीशिवाय काही नव्हतं. तो वळला. मी पळत येत होते. त्यानं माझी वेणी हाताला गुंडाळली, तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं आणि म्हणाला, "नंदे, कुठं ठिवलीस ती घाण?"

मला नंदे म्हणणारं जगात एकच माणूस आहे. तू नंदू म्हणतेस, आण्णा पोरी म्हणायचे.

तेवढ्यात आत्यांनी चुलीवरची वरणाची बादली उचलली आणि उकळतं वरण त्याच्या अंगावर फेकलं. डाव्या दंडापासून कोपरापर्यंत त्याची कातडी सोलली गेली. तो ओरडला आणि माझी वेणी सुटली. मग गल्लीतली माणसं दगड घेऊन आली, ते गाडीत चढले, आणि जाता जाता एकानं आबांच्या अंगावरून गाडी नेली. आबा तेव्हा जिवंत होते की नव्हते हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

विशाखाचं नाव तिसऱ्या दिवशी ठेवलं. आबांना मूठमाती देऊन आल्यावर आत्यांनी अंघोळ केली, पोरगी मांडीवर घेतली, तिच्या कानात नाव सांगितलं आणि मग भिंतीवर डोकं आपटून घेतलं. आम्ही तिघीजणींनी त्यांना धरलं.

पुढचं तुला थोडंफार ठाऊक असेल. संस्थेनं माझ्या रक्तानं भरलेल्या तोंडाचा फोटो पेजवर लावला, जाहीर निषेध लिहून. मी काढायला सांगितला तर म्हणाले, ताई, पोचायला पाहिजे लोकांपर्यंत. दोन वेळा भांडले तेव्हा काढला. पण त्यांचाच वकील आज पैसा न घेता उभा आहे, हेही खरं. गौरी दर महिन्याला येते, आबांच्या फोटोसमोर बसते. आत्या तिला जेवू घालतात. तिकडं दादाच्या प्रतिष्ठाननं त्याच लाइव्हला ढोल-ताशाचं संगीत लावलं आणि गावोगावच्या ग्रुपवर फिरवलं. प्रसेनजित आता डाव्या हातानं लिहायला शिकतो आहे. गोळ्यांची पाकिटं कापायला त्याला मी लागते.

आणि मग तुझा जबाब. वकिलांनी मला वाचून दाखवला. मुलगा कृष्णराज त्या दिवशी दिवसभर घरी होता, दूध तापवताना माझ्या हातून पातेलं कलंडलं आणि त्याचा हात भाजला. खाली सही, कडूबाई आण्णासाहेब. त्याच जबाबावर गेल्या महिन्यात दादाला जामीन मिळाला. मी त्याच्या स्वागताचा रील पाहिला, आई. जेसीबीतून फुलं टाकली. पोरं त्याला खांद्यावर घेऊन नाचली. दारात तू आरतीचं ताट घेऊन उभी होतीस. कुणीतरी म्हणालं, काकू, हसा की. तू हसलीस. तुझे वरचे पुढचे दोन दात नाहीत. मी घर सोडलं तेव्हा होते.

दात कधी गेले ते मी मावशीला विचारलं. ती म्हणाली, "जबाबाच्या आदल्या दिवशी. आण्णासाहेबांनी पाट्यावरचा वरवंटा घेतला."

म्हणून मी तुझ्यावर रागावलेली नाही. रागावले होते, खोटं कशाला बोलू? जबाब ऐकला त्या दिवशी मी आत्यांसमोर तुला नको ते बोलले. आत्यांनीच मला थांबवलं. त्यांना माहीत होतं ते, जे आम्ही तिघांनी आजपर्यंत पोलिसांनाही सांगितलेलं नाही आणि वकिलांनाही नाही.

पाळणा रिकामा का होता, हे मला सगळ्यांनी विचारलं. मी म्हणाले, पाजायला घेतली होती. खरं असं, की पंगत बसली तेव्हा माझा फोन वाजला. दोन वर्षांनी तुझा नंबर. मी उचलला. तू एवढंच म्हणालीस, "लेकराला उचल अन् मागल्या अंगानं पळ. तुजा दादा पोरं घिऊन तुज्या गावाला आलाय." मागं आण्णांचा आवाज होता, ते कुणाला तरी फोनवर पोचला का म्हणून विचारत होते. फोन बंद झाला. मी विशाखाला पाळण्यातून उचललं, वरणाची बादली घेऊन वाढत असलेल्या प्रसेनजितला जाता जाता सांगितलं, आणि मागच्या सिताबाईंच्या घरात पोरीला टाकून परत आले. तो बादली चुलीवर ठेवून आबांना आत घ्यायला फाटकाकडं धावला होता. आबांपर्यंत त्याची दहा पावलं राहिली होती.

तू फोन केलास म्हणून माझी पोरगी आहे. तू जबाब दिलास म्हणून तिच्यावर वार करणारा मोकळा आहे. दोन्ही तूच, आणि दोन्ही वेळा तू जीव मुठीत धरून होतीस. हे मी वर्षभर मनात ठेवलं, कारण तो फोन कुणी केला हे आपल्या घरात कळलं तर तुझं काय करतील ते मला लहानपणापासून माहीत आहे.

पण सोमवारी धाराशिवच्या कोर्टात माझी साक्ष आहे. त्यांचा वकील म्हणणार, तोंड बांधलेलं होतं, मुलगी सूडानं भावाचं नाव घेते, आई म्हणते तो घरी होता. माझ्याकडं त्या फोनशिवाय दुसरं उत्तर नाही. आबा हात जोडून उभे होते, आई. त्यांच्यासाठी मला ते बोललं पाहिजे. मी सोमवारी कोर्टात सांगणार आहे की तो फोन तू केलास. बोलले की तासाभरात ते माकणीत पोचेल, कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर. त्याआधी तू त्या घरात नसली पाहिजेस. त्यासाठीच हे पत्र. रविवारी सकाळी मावशी सिव्हिलला डोळे दाखवायला निघणार आहे, तुलाही दिसत नाही असं घरी सांगून सोबत घेईल. अंगावरच्या लुगड्यानिशी ये, पिशवी घेऊ नकोस. धाराशिवच्या स्टँडवर आत्या स्वतः उभ्या राहणार आहेत. मी नको म्हटलं, तर म्हणाल्या, "त्या बाईनं माजी नात राखली. तिला घ्यायला मीच जानार." तू कोर्टात उभी राहा असं मी म्हणत नाही, ते तुझं तू ठरव. पण बोलायचं मी ठरवलं आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. म्हणून ये.

तुझीच,
नंदू